'सरप्राइज' : एक शब्द आणि खांदेरीची पहाट

१/ वाढदिवसाची गुपचूप तयारी उघड होते आणि सारे ओरडतात, 'सरप्राइज!' या आनंदी शब्दाचे मूळ मात्र रणांगणाशी जोडलेले आहे.

२/ जुन्या फ्रेंचमधील 'सुर्प्रांद्र' या क्रियापदातून तो आला. 'सुर' म्हणजे वर, 'प्रांद्र' म्हणजे धरणे. पंधराव्या शतकातील इंग्रजीत 'सरप्राइज' म्हणजे गाफील शत्रूवर घातलेला छापा. या क्रियापदाला 'चकित करणे' हा अर्थ सतराव्या शतकाच्या मध्यास मिळाला.

३/ त्याच शतकात रायगडच्या किनाऱ्यावर इंग्रजांना या शब्दाचे दोन्ही अर्थ अनुभवावे लागले. स्थळ, थळसमोरील खांदेरी बेट. काळ, १६७९.

४/ मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील वाटेवर नजर ठेवणारे हे बेट. त्या पावसाळ्यात शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी तेथे तटबंदीचे काम सुरू केले. बेट आपले आहे, असा दावा करीत इंग्रजांनी त्याभोवती जहाजे उभी केली.

५/ १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांचे आरमार नागावच्या बाजूने निघून इंग्रजांवर चालून आले. नांगर उचलायलाही त्यांना जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. इतर नौका पांगल्या. हा शब्दाचा जुना अर्थ : अवचित गाठणे, पकडणे.

६/ परंतु कॅप्टन मिंचिन आणि केग्विन यांचे 'रिव्हेंज' हे मोठे जहाज एकटे लढत राहिले. त्याच्या तोफांपुढे मराठी नौकांना माघार घ्यावी लागली. छापा अर्धाच यशस्वी झाला.

७/ खरा चमत्कार त्यानंतरचा. उथळ पाण्यातून, रात्रीच्या काळोखात छोट्या मराठी होड्या बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. अवजड जहाजांना त्यांचा पाठलाग जमेना. वेढा होता, पण बेट उपाशी पडत नव्हते. तट वाढतच होता.

८/ जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह करून जहाजे मागे घेतली. खांदेरी स्वराज्यात राहिली.

९/ तोफांच्या बळावर समुद्र आपलाच, हा इंग्रजांचा समज होता. तो एका पहाटेच्या हल्ल्याने मोडला नाही. रोज रात्री निमूटपणे वल्ही मारणाऱ्या नावाड्यांनी मोडला. शब्दाचा नवा अर्थ, चकित करणे, खांदेरीच्या पाण्यात त्यांनीच सिद्ध केला.