जहाजी भाई : समुद्रावर जुळलेलें नातें

हिंदुस्थानांत मनुष्य जन्मास येतो तो नात्यागोत्यांच्या घट्ट जाळ्यांतच. भावकी, जात, कुलदैवत आणि गांवची शीव यांवरून तो कोण हें ठरतें. हे सारे धागे एकाच वेळीं तुटले, तर परक्या भूमींत आपलें माणूस कोणास म्हणावें? एकोणिसाव्या शतकांत लक्षावधि हिंदी मजुरांवर हा प्रसंग आला. त्यांतून एक नवें नातें जन्मास आलें. त्याचें नांव ‘जहाजी भाई’.

1833 च्या कायद्यानें ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी बंद होण्याचें ठरलें आणि उंसाच्या मळेवाल्यांना मजुरांची वाण पडली. ती भरून काढण्यासाठीं ठराविक वर्षांच्या, बहुधा पांच वर्षांच्या, कराराची पद्धति निघाली. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचेंच मजुरांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें. 2 नोव्हेंबर 1834 रोजीं ‘अ‍ॅटलस’ जहाज 36 मजूर घेऊन मॉरिशसला पोंचलें. 1838 सालीं ब्रिटिश गियाना, 1845 सालीं त्रिनिदाद, 1873 सालीं डच सुरीनाम आणि 1879 सालीं फिजी येथें अशींच पहिलीं जहाजें लागलीं. या पद्धतीनें एकंदर बारा लाखांवर माणसें देशाबाहेर गेलीं.

त्यांतील बहुसंख्य लोक बिहार आणि संयुक्त प्रांताच्या पूर्व भागांतील होते. भरती करणाऱ्या दलालांनीं त्यांना कलकत्त्याच्या डेपोंत आणून सोडलें. तेथें नांव, बापाचें नांव, जात व गांव यांची नोंद झाली. परंतु जहाजावर पाऊल ठेवल्यावर त्या नोंदींतील जातीला फारसा अर्थ उरला नाहीं. ब्राह्मण, अहीर, कुर्मी, चांभार, मुसलमान असे सर्वजण एकाच तळमजल्यावर दाटीनें निजत आणि एकाच भंडाऱ्याच्या हातचें जेवत. शिडाच्या जहाजांतून वेस्ट इंडीजला पोंचण्यास सुमारें तीन महिने लागत. 1856–57 च्या हंगामांत कलकत्त्याहून तिकडे गेलेल्या जहाजांवर शेंकडा 17 माणसें वाटेंतच मृत्यु पावलीं. अग्नि देण्यास पुत्र नाहीं, खांदा देण्यास भावकी नाहीं. प्रेत समुद्राच्या स्वाधीन होतांना जवळ असत ते केवळ सहप्रवासी. दुखण्यांत पाणी पाजणारा, वादळांत हात धरणारा तोच खरा भाऊ, हा धडा त्या प्रवासानें शिकविला.

किनाऱ्याला लागल्यावर मजुरांची वांटणी होई आणि एका जहाजाचीं माणसें निरनिराळ्या मळ्यांवर जात. परवान्यावांचून मळा सोडणें हा कित्येक ठिकाणीं गुन्हा होता. तरीहि सवड मिळतांच लोक आपल्या जहाजी भावाच्या किंवा जहाजी बहिणीच्या भेटीस जात. त्यांचीं मुलें एकमेकांच्या आईबापांना काका-मावशी मानीत. पुढें तर जहाजी भावांच्या मुलांमुलींचीं लग्नें एकमेकांशीं लावणें सख्ख्या भावंडांच्या लग्नासारखें निषिद्ध समजलें जाऊं लागलें. नातें नुसतें जिव्हाळ्याचें असतें, तर असा निषेध उत्पन्न झाला नसता. त्यावरून हें नातें रक्ताच्या तोडीचें मानलें गेलें होतें, असेंच म्हणावें लागतें.

या बंधुभावानें मळ्यावरील हालअपेष्टा मात्र संपल्या नाहींत. शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया, असें प्रमाण सरकारी नियमानें ठरलेलें होतें. त्यांतून कलह आणि स्त्रियांच्या हत्या घडल्या. धार्मिक विधीनें लागलेल्या लग्नांना कायदा मानीत नसे. त्रिनिदादांत हिंदु विवाहाला स्वतंत्र कायद्याची मान्यता मिळण्यास 1945 साल उजाडावें लागलें. जेथें सरकारदप्तरीं कुटुंब हें कुटुंबच नव्हतें, तेथें कोण कोणाचा याची साक्ष समाजापुरती जहाजी भाऊच देत असे.

महाराष्ट्राचाहि या इतिहासाशीं दुहेरी संबंध आहे. मुंबई बंदरांतून कोंकणांतील मजूर मॉरिशसला गेले व त्यांच्या वंशजांनीं तेथें गणेशोत्सव टिकविला. पुढें 4 मार्च 1912 रोजीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत ही पद्धति साफ बंद करण्याचा ठराव मांडला. हिंदी सभासदांचा पाठिंबा असूनहि सरकारी मतांनीं तो फेटाळला गेला. तथापि 1917 सालीं भरती थांबली, आणि 1 जानेवारी 1920 रोजीं फिजींतील उरलेले करारहि रद्द झाले.

कराराची मुदत संपल्यावर कांहीं लोक मोठ्या आशेनें मायदेशीं परतले. समुद्र ओलांडलेल्यांना आणि परजातींत लग्नें केलेल्यांना पुष्कळ ठिकाणीं गांवानें व भावकीनें आंत घेतलें नाहीं. असे निराश्रित झालेले कुटुंबवत्सल लोक कलकत्त्यास गोदीजवळच्या मटियाबुर्ज वस्तींत गोळा झाले, आणि 1920 नंतरच्या वर्षांत त्यांपैकीं अनेकजण वसाहतींत परत पाठविण्याची याचना करीत होते. ज्या भूमीला त्यांनीं परदेश म्हटलें होतें, तेथेंच आतां त्यांचे भाऊ राहत होते.