कोणी कोणाचे नाव घेतले? : ग्रंथोल्लेखांची खतावणी आणि आपली शास्त्रभांडारे

दुधनीसारख्या बाजारपेठेच्या गावी कीर्द आणि खतावणी यांतील फरक समजावून सांगण्याची गरज नाही. कीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने उतरतात. खतावणीत तेच व्यवहार नावनिशीवार, ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडले जातात. रक्कम तीच, पण प्रश्न निराळा. आजच्या ग्रंथालयशास्त्रात 'उल्लेख-विश्लेषण' या नावाने ओळखली जाणारी शाखा हेच काम ग्रंथांच्या बाबतीत करते. प्रत्येक लेखक आपल्या ग्रंथात पूर्वसूरींची नावे घेतो, ती झाली कीर्द. ती सर्व नावे एकत्र करून 'अमुक ग्रंथाचे नाव पुढे कोणी, केव्हा, किती वेळा घेतले' असे उलट बाजूने मांडले की खतावणी तयार होते.

पाश्चात्य देशांत ही कल्पना प्रथम वकिलांना सुचली. एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला याची सूची अमेरिकेत १८७३ पासून निघू लागली. १९२७ साली तेथील दोन संशोधकांनी रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकातील संदर्भ मोजून महाविद्यालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्याचा मार्ग दाखविला. १९५५ मध्ये यूजीन गारफिल्ड यांनी सर्व विज्ञानशाखांसाठी अशा सूचीची कल्पना मांडली व पुढील दशकात ती प्रत्यक्षात आणली. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ साली ग्रंथव्यवहाराला गणिताची मोजपट्टी लावण्याचा विचार इंग्लंडमधील एका परिषदेत मांडला होता.

हा इतिहास अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत सापडतो. परंतु जैन वाङ्मयाच्या अभ्यासकांनी संगणक येण्यापूर्वी, निव्वळ ताडपत्रे आणि स्मरणशक्ती यांच्या बळावर असेच विश्लेषण किती बारकाईने केले, हे मात्र त्या पुस्तकांत आढळत नाही. त्यातील एक प्रकरण आपल्या दक्षिण महाराष्ट्रातच घडले. ते येथे थोडे विस्ताराने सांगणे उचित ठरेल.

'वरांगचरित' हे एकतीस सर्गांचे प्राचीन संस्कृत काव्य. कित्येक शतके ते केवळ नावाने माहीत होते. शके ७०५ म्हणजे इ. स. ७८३ मध्ये पूर्ण झालेल्या हरिवंशपुराणाच्या प्रारंभी जिनसेनाचार्यांनी पूर्वकवींचे स्मरण केले आहे. तेथे रविषेणांच्या पद्मचरिताची स्तुती आहे आणि लगेच पुढच्या श्लोकात वरांगचरिताची. मात्र या दुसऱ्या श्लोकात कवीचे नाव नाही. दोन श्लोक लागोपाठ आल्यामुळे वरांगचरितही रविषेणांचेच असावे, असा तर्क काही विद्वानांनी केला. कीर्दीत नाव नसलेली रक्कम वरच्याच खात्यावर चढवावी, तसे हे झाले.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन करणारे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांना तेथील लक्ष्मीसेन मठात या काव्याची ताडपत्रीय प्रत आढळली. पण पोथीतही कवीने आपले नाव सांगितलेले नव्हते. मग उपाध्ये यांनी इतर ग्रंथांतील उल्लेख गोळा करण्यास आरंभ केला. उद्द्योतनसूरींची प्राकृत कुवलयमाला राजस्थानातील जालोर येथे, हरिवंशपुराणाच्या चार वर्षे आधी पूर्ण झाली. तिच्या प्रस्तावनेत वरांग आणि पद्म यांच्या चरितांचे कर्ते म्हणून 'जडिय' आणि 'रविषेण' या दोघांना एकत्र वंदन आहे. दोन ग्रंथ, दोन कवी. येथे रविषेणांच्या खात्यावरील एक रक्कम कमी झाली. (उद्द्योतनसूरी श्वेतांबर परंपरेचे होते, तरी रविषेणांसारख्या दिगंबर कवीचे नाव त्यांनी आदराने घेतले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.) पुढे आदिपुराणात 'जटाचार्य' हे नाव आले. कन्नड कवींनीही त्यांचे स्मरण केले. आणि दहाव्या शतकात चामुंडरायाने आपल्या कन्नड पुराणात जटासिंहनंदी आचार्यांच्या नावाने जे संस्कृत वचन उद्धृत केले, ते कोल्हापूरच्या ताडपत्रांत जसेच्या तसे सापडले. जडिय, जटिल, जटाचार्य, जटासिंहनंदी ही सर्व एकाच व्यक्तीची नावे ठरली. उपाध्ये यांनी संपादिलेले वरांगचरित १९३८ साली मुंबईच्या माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. हजाराहून अधिक वर्षांनी कर्त्याला त्याचे काव्य परत मिळाले.

या साखळीतील एकही कडी गळली असती तर काय झाले असते? कुवलयमालेच्याच दोन हस्तलिखितांचा आधार संपादकांना मिळू शकला: एक जेसलमेरच्या भांडारात ताडपत्रावर, दुसरे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात कागदावर. त्या दोन्ही प्रती वाळवीने खाल्ल्या असत्या, तर निर्णायक साक्षच उरली नसती. कन्नड येत नसलेल्या संपादकाच्या हाती ही पोथी पडली असती, तरी चामुंडरायाची साक्ष निसटलीच असती. सीमेवरील आपल्या गावांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा घरोघरी चालतात. त्याचे मोल संशोधनात किती असते हे येथे दिसते. उपाध्येही सीमाभागातील सदलग्याचेच.

उल्लेखांचे महत्त्व षट्खंडागमाच्या धवला टीकेत आणखी निराळ्या रीतीने प्रत्ययास येते. वीरसेनाचार्यांची ही टीका बहात्तर हजार श्लोकप्रमाण मानली जाते. तीत तिलोयपण्णत्ती, सन्मतिसूत्र, तत्त्वार्थसूत्र इत्यादी ग्रंथांचे आधार नावानिशी दिलेले आहेत. त्यांत 'परियम्म' म्हणजे परिकर्म या ग्रंथाचाही वारंवार उल्लेख येतो. हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. वीरसेनांनी घेतलेल्या उताऱ्यांतूनच त्याची ओळख उरली आहे. मूळ बुडाले, उल्लेख तरला. धवलेचे संपादक डॉ. हिरालाल जैन यांनी प्रस्तावनेत अशा आधारग्रंथांची चर्चा केली आहे. तिला उल्लेख-विश्लेषण हे नाव दिले नाही इतकेच.

धवला आपल्यापर्यंत पोहोचली त्यात सोलापूरचा वाटा मोठा आहे. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीतील ताडपत्रांचे शतकानुशतके केवळ दर्शन होत असे, वाचन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी त्यांच्या प्रती करवून घेण्याचा उद्योग आरंभला. प्रतिलिपीचे काम १८९६ ते १९२२ पर्यंत चालले. प्रती मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत अशी तेथील पंचांची इच्छा होती. प्रतिलिपिकार गजपती शास्त्री यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक प्रत केली व ती घेऊन ते सोलापूरला हिराचंद शेठजींकडे आले. ज्या ग्रंथासाठी शेठजींनी वर्षानुवर्षे खटपट केली, तो समोर आला असता, अशा मार्गाने आलेली प्रत ठेवणे योग्य नाही म्हणून त्यांनी ती नाकारली. पुढे ती सहारनपूरला गेली, तिच्यावरून अन्य प्रती झाल्या आणि त्या परंपरेतूनच अमरावती येथून १९३९ पासून धवलेचे सोळा भाग छापले गेले. शेठजींचा नकार योग्य की ती गुप्त प्रत उपकारक, याचा निवाडा वाचकांनी आपापला करावा. प्रस्तुत लेखकास दोन्हींविषयी आदर वाटतो, आणि मूडबिद्रीच्या पंचांची धास्तीही समजते. ज्यांनी पोथ्या सांभाळल्या त्यांच्या हातून त्या निघून जाण्याचे भय निराधार नसते.

हाच प्रश्न आज संगणकीय संग्रहांच्या रूपाने पुन्हा उभा आहे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत १९४३ साली तिलोयपण्णत्तीचा पहिला भाग काढला. नंतर १९५८ मध्ये भट्टारक संप्रदाय आणि १९६३ मध्ये महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह प्रसिद्ध केला. धवलेच्या सुधारित आवृत्तीचे कामही १९७३ पासून याच संघाने केले. यांपैकी अनेक ग्रंथांची पाने आज महाजालावरील जैन ग्रंथसंग्रहांत घरबसल्या पाहता येतात. केंद्र शासनाचे राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ साली सुरू झाले व २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ज्ञानभारतम् मिशनची घोषणा झाली. पण संगणकीय प्रत म्हणजे अमरपट्टा नव्हे. भारतीय डिजिटल ग्रंथालयाचे मूळ संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी बंद पडले. त्यातील पुस्तके आज मिळतात ती इतरांनी आधीच उतरवून ठेवली म्हणून. एकाहून अधिक ठिकाणी प्रत ठेवावी, हे शास्त्रदानाचे जुने सूत्र तेथेही लागू पडते.

यंत्राने उल्लेख मोजण्यातही खाचखळगे आहेत. जडिय आणि जटाचार्य हे एकच, हे यंत्राला आपोआप कळत नाही. ते चार खाती उघडील. उलट हरिवंशपुराणाचे कर्ते जिनसेन पुन्नाट संघाचे, तर आदिपुराणाचे जिनसेन वीरसेनांचे शिष्य. पहिल्यांनी दुसऱ्यांचे गुणगान केलेले आहे. यंत्र या दोघांना एका खात्यावर टाकील आणि आचार्यांनी स्वतःचीच स्तुती केली असा निष्कर्ष काढील! यासाठी ग्रंथालयशास्त्रात प्रत्येक व्यक्तीचे एक नाव प्रमाण ठरवून अन्य नावे तिकडे वळविण्याची पद्धत आहे. जैन ग्रंथांपुरता असा पाया प्रा. ह. दा. वेलणकर यांच्या 'जिनरत्नकोश' या ग्रंथसूचीने १९४४ मध्येच घातला. शिवाय आंतरराष्ट्रीय उल्लेख-सूचींत मराठी ग्रंथ जवळजवळ येतच नाहीत. तेथे एखाद्या मराठी विद्वानाच्या नावापुढे शून्य दिसले, तर तो त्या सूचीचा तोकडेपणा समजावा.

सूची झाल्याशिवाय उल्लेख होत नाही, याचे बोलके उदाहरण वऱ्हाडातील कारंजा येथे आहे. तेथील भांडारांतील हस्तलिखितांचा समावेश रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीत झाला आणि १९३१ ते १९३४ या अल्पावधीत जसहरचरिउ, णायकुमारचरिउ, करकंडचरिउ आदी अपभ्रंश ग्रंथ कारंजा ग्रंथमालेतून मुद्रित झाले. त्या पोथ्या शतकानुशतके तेथेच होत्या. फरक पडला तो यादीने.

आपल्या परिसराचा विचार करता, दुधनीहून कलबुर्गीच्या पुढे आगगाडीने गेले की काही तासांच्या अंतरावर मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट लागते. पुष्पदंताने आपले महापुराण तेथेच रचले आणि त्यात धवल-जयधवल या सिद्धांतग्रंथांची नावे घेतली. अशा भूमीतील मंदिरांच्या कपाटांत, घरांतील जुन्या पेट्यांत हस्तलिखित पोथ्या, मराठी जैन कवींच्या ओवीबद्ध रचना, जैनबोधकाचे जुने अंक असण्याचा संभव पुष्कळ आहे. त्यांची नोंद करण्यास मोठे यंत्र लागत नाही. एका वहीत पोथीचे नाव, लिपी व भाषा, पानांची संख्या, लांबी-रुंदी, आरंभीची आणि अखेरची ओळ, लेखनाचा शक किंवा संवत, लिहिणाऱ्याचे व लिहवून घेणाऱ्याचे नाव, गाव, आणि पोथी आज कोणाच्या ताब्यात आहे, एवढे उतरवावे. पोथी जिची तिच्याच घरी राहू द्यावी. पाने सुटी असतील तर क्रम न बदलता बांधावी. आणि छायाचित्रे घ्यावयाची झाल्यास शेवटचे पान प्रथम घ्यावे. प्रशस्ती तेथेच असते, आणि हाताळणीत झिजून तुटते तेही बहुधा तेच पान.