सेमिस्टर ॲट सी

सेमिस्टर ॲट सी : जहाजावर चालणारा अमेरिकी विद्यापीठीय अभ्यासक्रम. १९६३ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज’ या नावाने सुरू झाला. हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनी तरत्या विद्यापीठासाठी घेतलेले ‘क्वीन एलिझाबेथ’ हे जहाज १९७२ मध्ये आगीत नष्ट झाले. तरीही अभ्यासक्रम चालू राहिला; पुढे पिट्सबर्ग व व्हर्जिनिया विद्यापीठांनी आणि २०१६ पासून कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने शैक्षणिक जबाबदारी घेतली. सत्र साधारण १०० दिवसांचे असते. जहाज समुद्रात असताना वर्ग भरतात; बंदरात ते बंद असतात. तेथे क्षेत्रभेटी, स्थानिक घरांतील मुक्काम व सेवाकार्य यांतून विद्यार्थ्यांचा लोकजीवनाशी परिचय होतो. भारतात जहाज चेन्नई, कोची येथे थांबले आहे. दक्षिण आफ्रिकेचे धर्मगुरू डेझ्मंड टूटू यांनीही जहाजावर अध्यापन केले होते. विषुववृत्त ओलांडताना नाविकांच्या जुन्या प्रथेनुसार ‘नेपच्यून दिन’ साजरा होतो : अंगावर चिकट द्रव ओतून घ्यायचा, माशाचे चुंबन घ्यायचे, हौशी विद्यार्थिनीही मुंडण करतात. एका सत्रात अनेक समाजांची तुलना करता येते, ही या पद्धतीची जमेची बाजू. मात्र मुक्काम मोजक्या दिवसांचा असल्याने भाषा अंगवळणी पडत नाही आणि सेवाकार्यही बहुधा वरवरचे राहते.