पत्त्याचा प्रश्न : कंटेनर-व्यवस्थापनातील सेवाशोध आणि सर्व्हिस मेश

प्रस्तावना :
मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी 'डॉकर'चे पहिले जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. आज्ञावली तिच्या सर्व साहित्यासह एका पेटीत भरून कोणत्याही यंत्रावर चालविण्याची रीत त्यानंतर झपाट्याने रूढ झाली. या घटनेचे वर्णन बहुधा पेटीच्या सोयीपाशीच थांबते. वस्तुतः पेटीमुळे एक जुना प्रश्न अधिक तीव्र झाला. तो म्हणजे पत्त्याचा. पेटी आज एका यंत्रावर, तर उद्या दुसऱ्यावर असते. ती बंद पडली की तिच्या जागी नवी उभी राहते व नवीचा पत्ता निराळा असतो. अशा स्थितीत एका सेवेने दुसरीला गाठावे कसे, या प्रश्नाच्या उत्तरांचा आणि त्या उत्तरांच्या मालकीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सेवाशोधाची वाटचाल :
अर्पानेटच्या काळी जाळ्यातील यंत्रांची नावे व पत्ते एकाच फाइलमध्ये असत. यंत्रे वाढली तशी ही वही अपुरी पडली आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस पद्धती मांडली. पत्ते क्वचितच बदलतात, या गृहीतकावर ती उभी होती; म्हणूनच मिळालेले उत्तर काही काळ जवळ साठवून ठेवण्याची मुभा तिच्यात आहे. कंटेनरच्या जगात नेमके हेच गृहीतक ढासळले. त्याची चाहूल गूगलला आधीच लागली होती. 'चबी' ही तेथील प्रणाली मुळात कुलुपासारख्या कामासाठी बांधलेली. परंतु तिचा वापर प्रामुख्याने नावे व पत्ते विचारण्यासाठीच होऊ लागला, अशी कबुली २००६ च्या शोधनिबंधात आढळते.

२०१३ मध्ये एअरबीएनबी कंपनीने 'स्मार्टस्टॅक' खुले केले. त्याचे महत्त्व आज फारसे सांगितले जात नाही, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. त्यात प्रत्येक यंत्रावर एक मदतनीस आपल्या सेवेची नोंद करी, दुसरा इतरांच्या नोंदी वाचून स्थानिक मध्यस्थाला अद्ययावत ठेवी. मूळ आज्ञावली केवळ आपल्याच यंत्राशी बोले. बाहेरचे पत्ते जाणून घेण्याची तिला गरज उरली नाही. पुढील सर्व्हिस मेशचे बीज येथेच आहे.

२०१४ मध्ये हॅशिकॉर्पचे 'कॉन्सल' आले आणि त्याच वर्षी गूगलने 'कुबरनेटिस' जाहीर केले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा होतो. पेट्या जो मांडतो त्यालाच त्या कोठे आहेत हे ठाऊक असते. म्हणून कुबरनेटिसने नोंदवही व्यवस्थापनातच सामावून घेतली. बदलत्या पेट्यांपुढे 'सर्व्हिस' हे एक स्थिर नाव व एक स्थिर पत्ता उभा राहिला. कुबरनेटिसबाहेरच्या जुन्या यंत्रांसाठी मात्र कॉन्सलसारख्या साधनांची गरज कायम राहिली.

सर्व्हिस मेश :
पत्ता सापडला तरी संभाषण सुरळीत होतेच असे नाही. समोरची सेवा मंद असेल, नकार देईल, किंवा ती खरी आहे की तोतया हेही कळणार नाही. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या कंपन्यांनी हे शहाणपण आपापल्या भाषेतील ग्रंथालयांत लिहिले होते. भाषा बदलली की ते पुन्हा लिहावे लागे. २०१६ मध्ये ट्विटरच्या माजी अभियंत्यांनी 'लिंकर्डी' आणले, त्याच वर्षी लिफ्टचे मॅट क्लाइन यांनी 'एन्व्हॉय' खुले केले आणि २०१७ मध्ये गूगल, आयबीएम व लिफ्ट यांनी मिळून 'इस्टिओ' जाहीर केले. प्रत्येक सेवेशेजारी एक मध्यस्थ बसवायचा, ही त्यामागची कल्पना. तिची किंमत स्मृती आणि विलंब या रूपांनी मोजावी लागली. सूक्ष्मसेवा सांभाळणाऱ्या इस्टिओचे स्वतःचे नियंत्रक घटकच २०२० मध्ये पुन्हा एकत्र जोडावे लागले, हा विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे. शेजारच्या मध्यस्थाविना चालणारी तिची रचना २०२२ मध्ये जाहीर झाली व २०२४ मध्ये स्थिर ठरली.

मालकीचा प्रश्न :
सामाईक मार्ग एकाचा आणि त्यावरची वाहतूक दुसऱ्याची असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण कारंजा लाड येथील वाचकांच्या दाराशीच आहे. मूर्तिजापूर–कारंजा–यवतमाळ ही 'शकुंतला' रेल्वे स्वातंत्र्योत्तर राष्ट्रीयीकरणातून वगळली गेली. गाड्या सरकारी रेल्वेने चालविल्या, रूळ मात्र सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे या खाजगी कंपनीच्या मालकीचे राहिले. वाफेचे इंजिन या मार्गावरून १९९४ मध्ये निवृत्त झाले. मार्गाच्या सुधारणेचा प्रश्न निघाला की मालकीचा मुद्दाही अपरिहार्यपणे पुढे येई.

सेवाशोधाची साधने आज अशाच रुळांच्या जागी आहेत. २०२० मध्ये गूगलने इस्टिओचे बोधचिन्ह एका नव्या संस्थेकडे सोपविले, तेव्हा आयबीएमने जाहीर नाराजी व्यक्त केली. २०२२ मध्ये प्रकल्प तटस्थ प्रतिष्ठानाकडे गेल्यावरच हा वाद निवळला. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने कॉन्सलसह आपल्या साधनांच्या पुढील आवृत्त्यांचा मुक्त परवाना बदलून स्पर्धक व्यावसायिक वापरावर बंधन घातले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लिंकर्डीमागील कंपनीने स्थिर आवृत्त्यांच्या तयार प्रती मुक्तपणे देणे थांबविले. मूळ आज्ञावली खुलीच राहिली. मोठ्या कंपनीला त्यातून स्वतःची प्रत बांधून घेणे अवघड नाही. दोन-तीन कर्मचाऱ्यांवर संगणककक्ष चालविणाऱ्या संस्थेला मात्र तयार प्रत आणि मूळ आज्ञावली यांतील अंतर फार मोठे असते.