सल्ल्याचे पैसे कोण देतो?

समृद्धी महामार्गात आमची शहापूर तालुक्यातली जमीन गेली. खरेदीखत झालं, पैसे बाबांच्या खात्यात आले आणि चौथ्या दिवशी एका बँकेचा माणूस पेढे घेऊन दारात उभा. 'काका, सल्ल्याचे पैसे लागत नाहीत,' म्हणत त्याने बाबांच्या गळ्यात १२ वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी मारली. तिसऱ्या वर्षी माझ्या नर्सिंगची फी भरायची वेळ आली. पॉलिसी मोडली तर भरलेल्यातले निम्मेही हातात येत नव्हते.

आमच्या भागात फुकट सल्ला महाग पडण्याची गोष्ट जुनी आहे. इथपासून डहाणूपर्यंतच्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की आदिवासी कुटुंबं सावकाराकडून खावटी घेत आणि सुगीला ती वाढीव मापाने फेडत. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवराबायको दोघं त्याच्याकडे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. पैसे देणारा सावकार, वही लिहिणाराही सावकारच. ज्याला वाचता येत नाही त्याने हिशोब विचारायचा कुणाला? १९३९ साली सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या अहवालातून आदिवासींची ही पिळवणूक सरकारदरबारी पोचली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकरांनी वारल्यांचा लढा उभा केला. वेठबिगारीविरुद्धचा देशव्यापी कायदा यायला मात्र १९७६ उजाडलं.

पेढेवाल्याला सावकार म्हणणं अन्यायाचं होईल. त्याने कुणाला राबवलं नाही. पण त्याची कमाई कुठून येते, हे बाबांना दिसतच नव्हतं. म्युच्युअल फंडांतही पूर्वी गुंतवलेल्या रकमेतूनच सव्वादोन टक्क्यांपर्यंत कापले जात. सेबीने ते १ ऑगस्ट २००९ पासून बंद केलं. २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी वेगळे नियम आले. २०२० पासून तर एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फीही घ्यायची आणि त्यालाच माल विकून कमिशनही कमवायचं, हे चालत नाही.

मी कल्याणची एक सल्लागार बाई शोधली. सेबीच्या साइटवर तिचा नोंदणी क्रमांक तपासला. फी १५ हजार. बाबा भडकले, 'नुसत्या बोलण्याचे?' मुरबाडचा मामा म्हशाच्या जत्रेत बैल घेत आलेला माणूस. तो म्हणाला, 'भाऊजी, दलालाची दलाली बैलाच्या किमतीतच असते. ही बाई निदान आकडा तोंडावर सांगते.'

बाईने आधी दोन तास नुसते प्रश्न विचारले. वर्षाचा घरखर्च किती, भाताचे किती येतात, घराचे पत्रे कधी बदलायचे, बाबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचंय. मोतीबिंदूचं मला तेव्हाच कळलं. मग तिने कागदावर मांडून दिलं: पॉलिसी मोडू नका, पुढचे हप्ते थांबवून ती पेड-अप करा. वर्षभराचा खर्च आणि माझी फी बँकेत ठेवीत. दहा वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे इंडेक्स फंडात. विकायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

माझं दुसरं वर्ष चालू आहे. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, त्यांचे तीनच गुंठे गेलेत, तर बाईची फी कमी होते का? मी विचारून सांगते म्हटलंय.