अर्नाळा : होडी, रस्ता आणि लोकल

गावाचा इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया आठवतात. आज आम्ही आमच्या अर्नाळ्याचा इतिहास वाटांवरून सांगणार आहोत. कारण गावाला जशी वाट, तसा तिथल्या बाईचा दिवस.

अर्नाळा हे पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्यातलं कोळ्यांचं गाव. वैतरणा नदी इथेच समुद्राला मिळते. किनाऱ्यासमोर बेट आहे आणि बेटावर किल्ला. किल्ला ज्याच्या हाती, त्याची नजर खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर. म्हणून गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशा सगळ्यांनी तो आपल्याकडे ठेवला. 1737 मध्ये मराठ्यांनी बेट जिंकलं आणि बाजीराव पेशव्यांनी किल्ला नव्याने बांधवला. तसा शिलालेख दरवाजावर आहे. आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं आहे. चहूकडे खारं पाणी असताना माणसं बेटावर टिकली ती अशा गोड्या पाण्यामुळेच.

किनाऱ्यावरून रस्ता आगाशीमार्गे विरारला जातो. आगाशी हे जुनं बंदर, एके काळी जहाजबांधणीसाठी नावाजलेलं. पुढे रेल्वे आली आणि बंदराचं महत्त्व स्टेशनकडे गेलं. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. तेव्हा दिवसाला जाणारी एक आणि येणारी एकच गाडी होती. 1992 मध्ये चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची लोकल सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली. रेल्वेमुळे आमची मासळी आणि वसईची भाजी मुंबईच्या बाजारात पोचली, आणि आमच्या मुली कॉलेजात, नोकरीत.

पण बेटावर आजही वस्ती आहे आणि तिथे जायला पूल नाही. बेटावरच्या बाईला आधी होडी, मग बस किंवा रिक्षा, मग लोकल. रात्री कळा सुरू झाल्या, तर डॉक्टरच्या आधी भरती-ओहोटी बघावी लागते. मुंबईच्या इतक्या जवळ राहूनही शेवटचा तेवढा पाण्याचा पट्टा लांबच वाटतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गावाचा रस्ता कधी झाला? पहिली एसटी कधी आली? त्याआधी बाळंतिणीला कसं नेत? थोरल्या बायकांना विचारा आणि बचत गटाच्या वहीत लिहून ठेवा. ग्रामसभेत वाट मागायला उभ्या राहाल, तेव्हा ती वही हातात असू द्या.