अचल अँटेना आणि सात मिनिटे

रडार म्हटले की विमानतळावर गरगर फिरणारी जाळीदार अँटेना आपल्या डोळ्यांपुढे येते. अमेरिकी आरमाराच्या 'व्हिन्सेनेस' या क्रूझरवरील मुख्य रडार, एसपीवाय-१, मुळीच फिरत नसे. नौकेच्या पुढील व मागील बांधकामावर मिळून चार अष्टकोनी फलक पक्के बसविलेले होते आणि प्रत्येकात चार हजारांहून अधिक लहान घटक होते. सर्व घटकांतून लहरी एकाच क्षणी निघाल्या तर झोत सरळ समोर जातो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत प्रत्येक घटकाला शेजाऱ्यापेक्षा किंचित विलंब लावला, की लहरींची बेरीज तिरक्या दिशेत होते आणि फलक जागचा न हलता झोत वळतो. थाळीला एक फेरी पूर्ण करण्यास काही सेकंद लागतात. हा झोत सेकंदाच्या सूक्ष्म अंशात दिशा बदलतो. त्यामुळे शंभराहून अधिक लक्ष्यांचा माग एकाच वेळी ठेवता येतो.

कल्पना तशी जुनीच. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्ये तीन अँटेनांच्या साहाय्याने लहरी हव्या त्या दिशेस वळवून दाखविल्या होत्या. परंतु हजारो घटकांचा विलंब क्षणोक्षणी ठरविण्यास संगणक हवा होता. तो हाती आल्यावर १९७४ मध्ये 'नॉर्टन साउंड' या नौकेवर एसपीवाय-१ची सागरी चाचणी झाली. सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या एकत्रित माऱ्यापासून खुल्या महासागरातील ताफ्याचे रक्षण करणे हा त्यामागील हेतू होता. ते प्रत्यक्ष कसोटीस लागले मात्र इराणच्या आखातात, नागरी विमानांच्या गर्दीत.

३ जुलै १९८८. 'व्हिन्सेनेस' इराणी गस्ती होड्यांशी चकमकीत गुंतलेली असताना सकाळी १० वाजून १७ मिनिटांनी इराण एअरच्या ६५५ क्रमांकाच्या एअरबसने बंदर अब्बासहून दुबईकडे उड्डाण केले. हा विमानतळ लष्करी उपयोगाचाही होता. रडारने विमान लगेच टिपले. नियंत्रण कक्षात मात्र ते एफ-१४ लढाऊ विमान असल्याचा समज झाला आणि तो मिनिटागणिक दृढ होत गेला. ते ७८०० फुटांवर असून खाली उतरत आहे, असे सांगण्यात आले. १० वाजून २४ मिनिटांनी दोन क्षेपणास्त्रे सुटली. विमानातील सर्व २९० माणसे मृत्यू पावली. त्यांत ६६ मुले होती. १० प्रवासी भारतीय होते.

विमान हवाई मार्गाबाहेर होते आणि वेगाने खाली येत होते, असे निवेदन संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष ॲडमिरल विल्यम क्रो यांनी त्याच दिवशी केले. ते खोडून काढले त्याच नौकेच्या चुंबकीय फितींनी. रिअर ॲडमिरल विल्यम फोगार्टी यांच्या चौकशीत त्या वाचल्या गेल्या, तेव्हा विमान ठरलेल्या मार्गातच होते, सतत वर चढत होते, १३,००० फुटांच्या आसपास पोहोचले होते आणि नागरी संकेतच देत होते, हे स्पष्ट झाले. जवळच असलेल्या 'साइड्स' या नौकेच्या कप्तानालाही ते चढताना दिसले होते.

तेव्हा रडार चुकले, असे म्हणणे मला पटत नाही. उंचीचा आकडा मोठ्या पडद्यावर नव्हता. तो बाजूच्या लहान पडद्यावर उमटे. विमान चढते की उतरते, हे आधीचा आकडा लक्षात ठेवून ज्याचे त्याने ताडायचे! वर्षभरापूर्वीच इराकी क्षेपणास्त्रांनी 'स्टार्क' या नौकेवरील ३७ खलाशी मारले होते. त्या भीतीपुढे तो आकडा कोण पडताळणार? खालची नोंद अचूक आणि वरचा शेरा चुकीचा, हा प्रकार शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्यांना अपरिचित नाही. पण तेथे फाईल परत मागविता येते.

उंची दाखविण्याच्या पद्धतीत सुधारणा करावी, अशी शिफारस फोगार्टी यांच्या अहवालात होती. कप्तान विल रॉजर्स यांना १९९० मध्ये त्यांच्या सेवेबद्दल 'लीजन ऑफ मेरिट' हे पदक मिळाले. इराणी मृतांच्या वारसांना ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचे अमेरिकेने १९९६ मध्ये मान्य केले. कायदेशीर जबाबदारी मात्र स्वीकारली नाही.